बाईसाहेब जाग्या आहेत

मूल झालेल्या बाईला लोक दोनच प्रश्न विचारतात. कोणावर गेलीय? आणि रात्री झोपते का? पहिल्याचं उत्तर विचारणारा सासरचा आहे की माहेरचा ते बघून द्यायचं असतं. दुसऱ्याचं उत्तर माझ्या डोळ्यांखाली स्वच्छ दिसत असतं, तरी विचारतातच. मीही "हो, झोपते ना" म्हणून मोकळी होते. आणि ते खोटं नाही. नवजात बाळ दिवसाचे १४ ते १७ तास झोपतं असं सगळीकडे लिहिलेलं असतं. आमच्या लेकीने हा हिशेब कधी चुकवलेला नाही. फक्त सगळी रक्कम ती चिल्लरमध्ये देते.

मोठ्या माणसाच्या झोपेचं एक आवर्तन साधारण ९० मिनिटांचं. बाळाचं ५०-६० मिनिटांचं, आणि त्यातली निम्मी झोप चळवळी. त्या झोपेत बाईसाहेब कण्हतात, भुवया चढवतात, हातपाय झाडतात, मध्येच कुणाला तरी हसतात. हा सगळा कार्यक्रम गाढ बंद डोळ्यांनी चालतो आणि कुणी हात लावला नाही तर आपोआप संपतो. पण आमच्याकडे हात लावणारा माणूस आहे. मी नको नको म्हणेपर्यंत नवरा तिला उचलतो, ती डोळे टक्क उघडते आणि तो विजयी मुद्रेने म्हणतो, "बघ, मी म्हटलं नव्हतं, उठलीय!"

पण उठण्याचं मला काही वाटत नाही. खरी परीक्षा असते ती झोपलेल्या बाळाला खाली ठेवण्याची. पिता पिता तिचे ओठ सैल पडतात, मुठी उघडतात, हात लुळा होऊन माझ्या पोटावर पडतो. आता हालचाल करायची. आधी ओठाच्या कोपऱ्यातून करंगळी हळूच आत सरकवायची, म्हणजे तिची पकड सुटते. तशीच ओढून काढली तर काय होतं ते सांगण्यासारखं नाही. मग खांद्यावर घ्यायचं, थोपटायचं, ढेकरेची वाट बघायची. ढेकर कधी लगेच येते, कधी येतच नाही, आणि कधी सोबत दूध घेऊन माझ्या पाठीवरून ओघळत जाते. मग श्वास रोखून वाकायचं. आधी पाय टेकवायचे, मग बूड, मग पाठ, डोकं अगदी शेवटी. हा क्रम चुकवायचा नाही. कारण डोकं जरा जरी मागे गेलं की तिला आपण पडतोय असं वाटतं, दोन्ही हात फाकतात, बोटं पसरतात, आणि मग तो सूर लागतो. याला मोरो प्रतिक्षेप म्हणतात. ऑस्ट्रियन बालरोगतज्ज्ञ अर्न्स्ट मोरो यांनी तो नीट बघून, वर्णन करून ठेवला. बंद कसा करायचा ते लिहिलं असतं तर मी त्यांचा फोटो भिंतीवर लावला असता. तो आपला आपणच जातो म्हणे, चार-सहा महिन्यांत.

समजा, हेही जमलं. बाईसाहेब पाठीवर, सपाट घट्ट गादीवर, आजूबाजूला उशी नाही, पांघरुणाचा ढीग नाही, अगदी नियमाप्रमाणे निजल्या. मी एकेक बोट सोडवत माघार घेते. दाराशी पोचते. आणि माझा गुडघा कट्ट करून वाजतो. दिवसभर हाच गुडघा एक शब्द बोलत नाही.

सल्ल्यांविषयी फार लिहीत नाही, कारण ते सगळ्यांना पाठ आहेत. एक मावशी म्हणतात, दिवसा फार झोपू देऊ नकोस, रात्री झोपेल. पुढच्या भेटीत त्याच म्हणतात, दिवसा नीट झोपव, दमलेलं मूल रात्री झोपत नाही. "वरचं सुरू कर, बघ कशी रात्रभर पडून राहील," हा सल्ला तर ज्यांना पाजण्याचा काडीचा अनुभव नाही असे काकाही देतात. पण सगळ्यात झोंबणारा सल्ला अगदी मऊ आवाजात येतो. "दूध पुरत नसेल गं." बस, एवढंच. बोलणारी बाई निघून जाते आणि हे वाक्य रात्री दोन वाजता माझ्या शेजारी येऊन बसतं. मी डॉक्टरांना विचारून आले. वजन वाढतंय, दिवसाला सहाहून जास्त डायपर ओले होतायत, मग पुरतंय, असं त्यांनी चष्म्यावरून बघत सांगितलं. मी ते सगळ्यांना सांगितलं. सगळ्यांनी मान हलवली. "तरीपण," असं म्हणाले.

सासूबाईंचं म्हणणं वेगळंच. "हा तर पहिल्या महिन्यापासून रात्रभर झोपायचा," असं त्या आपल्या लेकाकडे कौतुकाने बघून सांगतात. परवा सासऱ्यांनी पेपरातून डोकं वर काढलं. "झोपायचा कसला? मी घेऊन फेऱ्या मारायचो." सासूबाई उसळल्या. "तुम्ही? तो उठलेला तुम्हाला कळायचं तरी का? मीच बसायचे रात्र रात्र!" मग खोलीत जरा शांतता झाली. मी काहीच बोलले नाही. काही बोलायची गरजच उरली नव्हती.

रात्री पाजताना एक हात मोकळा असतो आणि त्यात फोन असतो, त्यामुळे माझं वाचन वाढलंय. आईचं दूध पटकन पचतं, म्हणून भूकही पटकन लागते. दूध तयार करायला लावणारं प्रोलॅक्टिन रात्री जास्त असतं, त्यामुळे सुरुवातीच्या महिन्यांत रात्रीचं पाजणंच पुढचा पुरवठा टिकवून धरतं. म्हणजे बाईसाहेब रात्री येऊन उद्याची ऑर्डर नोंदवून जातात. पुढे तर कमालच आहे. रात्र झाली हे शरीराला सांगणारं मेलाटोनिन बाळाचं स्वतःचं तयार व्हायला दोन-तीन महिने लागतात, तोवर ते त्याला आईच्या रात्रीच्या दुधातून मिळतं. शिवाय पाजताना आईच्याही अंगात गुंगी आणणारी द्रव्यं स्रवतात. त्यातली आईची गुंगी बरोबर लागू पडते, हे मी शपथेवर सांगते. पिणारी मात्र दिव्याकडे बघत असते.

आणखी खोलात गेले आणि तिथे मला ससा भेटला. सशीण पिल्लांना साधारण दिवसातून एकदा पाजते, तेही चार-पाच मिनिटं, आणि निघून जाते. ट्री श्रू नावाचा खारीएवढा प्राणी आहे. त्यातली आई पिल्लांकडे एक दिवसाआड फिरकते. एक दिवसाआड! आणि हूडेड सील? तिच्या दुधात साठ टक्क्यांपर्यंत चरबी असते. ती चार दिवस पाजते आणि पिल्लाचं दूध तोडून समुद्रात चालू लागते. चौथ्या दिवशी मला धड बसताही येत नव्हतं. आपल्या दुधात चरबी जेमतेम चार टक्के, म्हणून आपलं पिल्लू सारखं पितं, सारखं जवळ राहतं. हे सगळं मी भल्या पहाटे नवऱ्याला हलवून सांगितलं. त्याने डोळे न उघडता विचारलं, "मग आता सील आणायचा का?"

त्याच्याबद्दल तक्रार नाही. त्याच्याकडे मुख्य यंत्रणा नाही, पण हात दोन आहेत, हे एकदा मान्य झाल्यावर आमचं बरं चाललंय. तो तिला उचलून आणतो, मी कुशीवर पडल्या पडल्या पाजते, ढेकर आणि डायपर त्याचं. सोफ्यावर बसून पाजायचं नाही, हा नियम मी घातला. तिथे डोळा लागला तर बाळ फटीत दबायचा धोका असतो आणि माझा डोळा हल्ली उभ्यानेही लागतो. दुसरा नियम, रात्री दिवा मंद आणि बोलणं बंद. हा त्याला जड जातो. डायपर बदलताना "कोण आलंय? कोण आलंय?" असं तो वाढदिवसाला आल्यासारखा विचारतो. रात्री तीन वाजता कोण येणार? पण ती खूश होते, दोघं गप्पा मारतात आणि मी छताकडे बघत पडते. सकाळी हाच माणूस आळस देत म्हणतो, "काल बरी झोपली ना?"

मध्यंतरी खरोखरच बरी झोपू लागली होती. सलग काही तास. मी दचकून उठून तिचा श्वास बघायचे, म्हणजे जागरण चालूच, पण निदान माझ्या मर्जीचं. मग चौथा महिना लागला. या सुमारास झोपेची घडण बदलते, मोठ्यांसारखे टप्पे पडू लागतात आणि प्रत्येक टप्प्याशी जाग येते. ही प्रगती आहे, असं लेखात म्हटलं होतं. प्रगती पुन्हा दर तासाला रडू लागली.

माझी एक मैत्रीण आहे. तिचा मुलगा माझ्या लेकीहून थोडा लहान, आणि दुसऱ्या महिन्यापासूनच रात्रभर झोपणारा. "आम्ही पहिल्यापासून शिस्तच लावली," असं ती फोनवर सांगायची. मी "वा" म्हणायचे, कारण त्याहून लांब शब्द तोंडातून निघत नसे. परवा पहाटे पाजत असताना तिचा मेसेज आला, "जागी आहेस का गं? चौथा महिना लागल्यापासून हा दर तासाला उठतोय. काय करू?"

मी मोकळ्या हाताने, सावकाश, एकही चूक न करता टाइप केलं, "दूध पुरत नसेल गं."