खुलासा : ‘कूर्चा वाढवणारं इंजेक्शन आलं’ हे खरं आहे का?

‘शास्त्रज्ञांनी झिजलेली कूर्चा पुन्हा वाढवली, आता गुडघा बदलायला नको’ असा मेसेज फिरतोय. कूर्चा म्हणजे सांध्यात हाडांच्या टोकांवर असलेला गुळगुळीत थर. अर्धं खरं, अर्धं ताणलेलं.

असे दावे बहुधा उंदरांवरच्या प्रयोगांतून येतात. तरुण उंदराच्या गुडघ्यातला एक अस्थिबंध (हाडं बांधून ठेवणारा पट्टा) कापून सांधा मुद्दाम डळमळीत करतात. काही आठवड्यांत झीज दिसते. पण उंदराची कूर्चा जेमतेम काही पेशींच्या थरांची, माणसाची दोन-तीन मिलिमीटर जाड. शिवाय तिला रक्तवाहिन्या नाहीत, त्यामुळे दुरुस्ती मुळातच मंद.

माणसांवरही प्रयत्न झालेत. स्प्रिफर्मिन हे औषध गुडघ्यात टोचलं तेव्हा दोन वर्षांनी कूर्चा, औषध न दिलेल्यांच्या तुलनेत, साधारण 0.05 मिलिमीटर जाड भरली (निष्कर्ष 2019 चे). दुखणं मात्र त्यांच्यापेक्षा लक्षणीय कमी झालं नाही. खरी मेख इथेच आहे: कूर्चेत मज्जातंतू नसतात, वेदना येते ती सांध्याच्या आतल्या आवरणातून, हाडातून.

आणि हा मेसेज आमवाताच्या (रुमॅटॉइड आर्थ्रायटिस) रुग्णांना तर पाठवूच नका. तिथे स्वतःची प्रतिकारशक्तीच सांध्याच्या आवरणावर उलटलेली असते. त्यांची चालू औषधं असल्या बातमीवरून बंद करणं धोक्याचं.