पांढरा डोळा, घरगुती थेंब आणि टोडची कातडी

परदेशी राहणाऱ्या आपल्या मंडळींत सध्या एक सल्ला हातोहात पुढे जातोय. इथे ओहायोत मला तो तीन जणांनी पाठवला, कारण आमच्या घरी टोड, म्हणजे खडबडीत कातडीचा बेडकासारखा प्राणी, आहे हे सगळ्यांना माहीत. सल्ला असा: टोडचा डोळा पांढरट झाला म्हणजे जंतू झाले. घरात असतील ते माणसांचे अँटिबायोटिक थेंब दिवसातून तीनदा घाला, मिठाच्या पाण्यात बसवा, गाजरावर पोसलेले किडे द्या. आठवड्यात डोळा स्वच्छ होईल, डॉक्टरची गरज नाही. आणि नाहीच झाला, तर आंधळा टोड तसाही जगत नाही.

यातलं जवळजवळ प्रत्येक वाक्य एखाद्या टोडच्या जिवावर बेतू शकतं, म्हणून एकेक घेऊनच बोलते.

‘पांढरा झाला म्हणजे जंतू झाले.’ असेलही, पण तेवढं एकच कारण नसतं. डब्यातल्या झाडाच्या खडबडीत सालीवर घासून कॉर्नियाला, म्हणजे डोळ्याच्या पुढच्या पारदर्शक पडद्याला, ओरखडा पडतो. पाणी वेळच्या वेळी बदललं नाही तर त्यात साठलेला अमोनिया डोळ्याला झोंबतो. उंदराची पिल्लं किंवा चरबीदार अळ्या सारख्या खाऊ घातल्या तर कॉर्नियात चरबी आणि कोलेस्टेरॉल साचून पांढरे ढग दिसू लागतात. त्यावर अँटिबायोटिकचा काडीचा उपयोग नाही. आणि रक्तातच जंतू पसरले असतील, तर धूसर डोळा हे त्याचं बाहेर दिसणारं टोक असतं. पोट फुगलंय का, मांड्यांची आतली बाजू लाल झालीय का, ते आधी पाहा. तसं दिसलं तर त्याच दिवशी डॉक्टर गाठा.

एक गोष्ट मात्र आजारात मोजू नका. टोड किडा गिळताना डोळे आत ओढून घेतो. क्षणभर डोळ्यांच्या जागी नुसते खळगे दिसतात. घास घशाखाली ढकलायला तो डोळ्यांची मदत घेतो, इतकंच. पहिल्यांदा पाहिलं तेव्हा माझ्याही पोटात धस्स झालं होतं.

‘माणसांचे थेंब घाला.’ सगळ्यात मोठा धोका इथे आहे. टोड तोंडाने पाणी पीतच नाही. तो ओल्या जागी पोट टेकून बसतो आणि पोटाखालच्या पातळ कातडीतून पाणी आत घेतो. कातडीला लागलेलं औषधही तसंच आत जातं. म्हणून तर प्राण्यांचे डॉक्टर बेडूक-टोडना भूल देताना औषध पाण्यात कालवून त्यात त्यांना बसवतात. बेन्झोकेनचं जेल तर त्यांना वेदनेविना मरण देण्यासाठी वापरलं जातं, आणि ते नुसतं कातडीला लावतात. तेच बेन्झोकेन माणसांच्या काही वेदनाशामक मलमांत असतं. तेव्हा घरातली ट्यूब उचलण्याआधी थांबा.

आता हिशेब करा. आमचा टोड गुंडू स्वयंपाकघरातल्या काट्यावर ४० ग्रॅम भरतो. एक थेंब साधारण ०.०५ मिलिलिटरचा. ५० किलोच्या माणसाला वजनाच्या त्याच प्रमाणात औषध द्यायचं, तर ६२.५ मिलिलिटर, म्हणजे ५ मिलिलिटरच्या साडेबारा बाटल्या होतात. दिवसातून तीनदा! बेडूक-टोडचे डॉक्टरही कधीकधी माणसांसाठीच्या बाटल्या वापरतात, हे खरं. पण कोणतं औषध, किती आणि किती दिवस, हे ते वजनावरून ठरवतात. थेंबांत स्टेरॉइड असेल आणि कॉर्नियावर जखम असेल, तर ती भरण्याऐवजी चिघळते. जखम आहे की नाही हे नुसत्या डोळ्यांनी कळत नाही. डॉक्टर फ्लुरोसिन नावाचा रंग घालून निळ्या उजेडात बघतात, तेव्हा ती हिरवी चमकते.

‘मिठाच्या पाण्यात बसवा.’ माणसांचं सलाइन ०.९ टक्के मिठाचं असतं. टोडच्या अंगातल्या पाण्याला तेही खारट पडतं. त्यांच्यासाठीचं द्रावण ०.६ टक्क्यांच्या आसपास असतं आणि त्यात इतर क्षारही मोजून घातलेले असतात. चमच्याच्या अंदाजाने केलेलं पाणी जास्त खारट झालं, तर ते टोडच्या अंगातलं पाणी बाहेर ओढून घेतं. साधं पाणीही तपासून घ्या. अमेरिकेत बऱ्याच शहरांच्या नळाच्या पाण्यात क्लोरामाइन हे जंतुनाशक असतं. भांडं रात्रभर उघडं ठेवलं तर क्लोरीन उडतं, क्लोरामाइन उडत नाही. ते काढायला पाळीव माशांच्या दुकानात मिळणारं डीक्लोरिनेटर नावाचं द्रावण लागतं.

‘गाजरावर पोसलेले किडे द्या.’ व्हिटॅमिन ए कमी पडल्याने डोळे बिघडतात, पापण्या सुजतात, इथपर्यंत खरं. पण गाजरात असतं बीटा-कॅरोटीन, आणि त्यातून पुरेसं व्हिटॅमिन ए तयार करणं टोडच्या शरीराला जमेलच असा भरवसा नाही. म्हणून रेटिनॉल, म्हणजे तयार व्हिटॅमिन ए, असलेली पावडर किड्यांवर भुरभुरावी लागते. वायोमिंग टोड हा अमेरिकेतला अतिशय दुर्मीळ टोड, १९८४ पासून संकटग्रस्त यादीत आहे. पिंजऱ्यात वाढवलेल्या या टोडांची जीभ किड्यावर आपटायची, पण किडा चिकटायचा नाही. व्हिटॅमिन एच्या अभावाने जिभेचं अस्तरच बदललेलं होतं.

मागच्या हिवाळ्यात गुंडूचंही तसंच झालं. समोर रातकिडा, गुंडू पुढे झेपावायचा, जिभेचा ‘टक्’ असा आवाज यायचा आणि किडा जागच्या जागी. आम्हाला वाटलं, नजर गेली. डॉक्टरांनी डोळे पाहिले, ठीक होते. मग तोंड उघडून जीभ पाहिली. मोजून व्हिटॅमिन ए सुरू झालं आणि काही आठवड्यांनी नेम परत लागू लागला. तेही मनाने वाढवू नका. व्हिटॅमिन ए जास्त झालं तर विषारी ठरतं.

‘डॉक्टरची गरज नाही.’ गरज आहे, आणि ती कुत्र्या-मांजरांपुरतं काम करणाऱ्यांची नव्हे, उभयचरांचं जाणणाऱ्यांची. जाईपर्यंत टोडला साध्या डब्यात ओल्या पेपर टॉवेलवर ठेवा, टॉवेल रोज बदला, वजन लिहून ठेवा, डोळ्याचा रोज एक फोटो काढा. हाताळताना पावडर नसलेले ओले हातमोजे घाला. त्याच्या कानामागच्या गाठींतलं विष आपल्या डोळ्यात गेलं तर आग होते.

‘आंधळा टोड जगत नाही.’ हे वाचून मला फार वाईट वाटलं, कारण या वाक्यापायी लोक प्रयत्नच सोडून देतात. एका डोळ्याचा टोड शिकार करू शकतो. दोन्ही डोळे गेलेल्याला चिमट्याने भरवावं लागतं. गांडुळाचं टोक हळूच ओठाला लावायचं आणि हात स्थिर ठेवून वाट बघायची. पहिले काही दिवस तो तोंड फिरवतो. मग एका संध्याकाळी ओठ उघडतात, गांडूळ आत जातं, आणि न दिसणारे ते दोन्ही डोळे घास ढकलायला खाली बसतात.