टेकडीवर बरं वाटतं

पुण्यात कोथरूडच्या शाळेतल्या आमच्या ग्रुपवर एक वाद काही केल्या विझत नाही. बालभारती ते पौड फाटा रस्ता वेताळ टेकडीच्या अंगावरून न्यावा की नाही? मी 'नको' लिहिलं की एक मित्र हमखास उत्तर देतो, "तुझं लंडनमध्ये बसून काय जातंय? संध्याकाळी सहाला लॉ कॉलेज रोडवर ये, मग बोल." यावर मला उत्तर सुचत नाही. मी तिथे वर्षातून दोनदा अडकतो, तो रोज अडकतो.

पण खटकतं ते आमच्याच बाजूचं बोलणं. आम्ही टेकडीवाले भूजल, मोर, ऑक्सिजन, वाढतं तापमान यांबद्दल बोलतो. सगळं रास्तच आहे. तरी एप्रिल २०२३ मध्ये टेकडीसाठी मोर्चात चाललेल्यांपैकी कितीजण भूजलासाठी पहाटे साडेपाचला टेकडीवरच्या खाणीपर्यंत जात असतील? माणसं जातात, कारण तिथे बरं वाटतं. नेमकं हेच म्हणायला आपण ओशाळतो. हरकतीच्या अर्जात 'बरं वाटतं' असं कारण लिहिलं तर साहेब हसतील, ही भीती.

माझ्या घरापासून पंधरा मिनिटांवर हॅम्पस्टेड हीथ आहे. सुमारे ८०० एकरांचं हे माळरान आणि रान आज सगळ्यांचं असलं, तरी ते आपोआप उरलेलं नाही. एकोणिसाव्या शतकात तिथल्या जमीनदाराला त्यावर घरं बांधायची होती. चाळीसेक वर्षं भांडण चाललं आणि १८७१ मध्ये कायदा होऊन हीथ वाचलं. लगतची पार्लमेंट हिल १८८९ मध्ये त्याला जोडली गेली. तिच्यासाठी झटलेल्यांत ऑक्टेव्हिया हिल होत्या. त्या गरिबांच्या वस्त्यांमधली घरं सांभाळायच्या, भाडं वसूल करायच्या. शुद्ध हवेचा मुद्दा तेव्हाही होताच, पण हिलबाईंचं म्हणणं वेगळं होतं. ज्यांचं अख्खं कुटुंब एका खोलीत राहतं, त्यांना बसायला उघड्यावरची दिवाणखान्याची खोली हवी! (चाळीतल्या माणसाला हे समजावून सांगावं लागणार नाही.) त्या प्रत्येक वेळी जिंकल्या असंही नाही. १८७५ मध्ये जवळचीच स्विस कॉटेजची शेतं वाचवायचा त्यांचा प्रयत्न फसला. आज तिथे घरं आहेत, महागडी.

म्हणून इकडचं सगळं छान, असं मी म्हणणार नाही. डिसेंबरात इथे चारच्या आत अंधार पडतो आणि हीथवर नुसता चिखल असतो. शिवाय पुण्यात होतो तेव्हा मी टेकडीवर फारसा गेलोच नाही. जायचे ते बाबा, कानटोपी घालून, रोज.

२०२१ च्या एप्रिलअखेरीस बाबा गेले. त्याच आठवड्यात कोविडमुळे ब्रिटनने भारताला प्रवासनिर्बंधांच्या रेड लिस्टमध्ये टाकलं होतं. गेलो असतो तरी पोचेपर्यंत सगळं उरकलेलं असतं. फोनच्या पडद्यावर वैकुंठ स्मशानभूमी पाहिली, फोन ठेवला आणि चालत पार्लमेंट हिलवर जाऊन बसलो. खाली अख्खं लंडन होतं. रडू आलं नाही. तुकोबांचा 'वृक्षवल्ली' डोक्यात घुमायला लागला. बाबा तो टेकडी चढताना पुटपुटायचे, दम लागला की मधली कडवी गाळायचे.

आपल्याकडे वृक्षारोपणाच्या प्रत्येक फ्लेक्सवर त्याची पहिली ओळ असते, वर नगरसेवकाचा फोटो. शेवटची ओळ मात्र कुणी छापत नाही: 'तुका म्हणे होय मनासी संवाद । आपुलाचि वाद आपणांसी'. झाडं सोयरी कशासाठी, तर तिथे माणसाला स्वतःशी भांडता येतं. भंडारा डोंगरावर बसणाऱ्या माणसाने हे साडेतीनशेहून अधिक वर्षांपूर्वी सांगून ठेवलंय. त्या दुपारी मीही स्वतःशी भांडत होतो: का आलो इथे, कशासाठी थांबलो. निकाल लागला नाही. पण उठलो तेव्हा घरी जाऊन आईशी बोलता येईल एवढं बळ आलं होतं. हे कुठल्या अर्जात लिहायचं?

या जानेवारीत पुण्यात होतो. रस्तावाल्या मित्राला पहाटे ओढतच वर नेलं. धापा टाकत तो खाणीच्या कडेला बसला. पाण्यावर धुकं होतं, पलीकडे कुठेतरी मोर ओरडला. वीसेक मिनिटं तो काही बोलला नाही, फोनही खिशातच राहिला. मीही विषय काढला नाही.

उतरताना पहिला हॉर्न ऐकू आला, तसा म्हणाला, "रस्ता लागणारच रे. पण खालून काढता येतो का बघायला हवं."

"बोगदा?"

"ते नको. चहा घेऊ आधी."