‘काम कमी, मजा जास्त’ या रिव्ह्यूला आमच्या प्रेसचं उत्तर

नमस्कार सर,

तुमचा एक ताऱ्याचा रिव्ह्यू वाचला. शनिवारी पत्रिका न्यायला आलात तेव्हा ताटकळावं लागलं, बसायला धड जागा नव्हती, त्याआधी केलेला फोनही कोणी उचलला नाही. त्याबद्दल दिलगीर आहे. लग्नघरातली धावपळ आम्ही रोज बघतो.

पण पुढे तुम्ही लिहिलंय, ‘इथे काम कमी, मजा जास्त. माझ्या पत्रिका टेबलावर पडून आणि मालकासकट सगळा स्टाफ गाणी लावून कॅरम खेळतोय.’ आमच्या प्रेसचं नाव शोधलं की आता हेच सगळ्यात वर दिसतं. लगीनसराई तोंडावर आहे, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

पत्रिका पडून नव्हत्या, वाळत होत्या. तुम्ही चमकदार मेटॅलिक कार्ड निवडलं होतं. साध्या मॅपलिथो कागदात शाई मुरते, या कार्डावर ती वरच राहते आणि हवेने सावकाश सुकते. त्याला कित्येक तास जातात, हवा दमट असली तर आणखी. ओला माल कटिंग मशीनमध्ये घातला की वरच्या दाबाने शाई पुढच्या कार्डाच्या पाठीवर उठते, आणि ओल्या शाईवर गणपतीचं सोनेरी फॉइल धरत नाही. ऑर्डर घेताना हे सांगितलं होतं, म्हणूनच बिलावर ‘शनिवार संध्याकाळी ६’ असं लिहिलं होतं. तुम्ही सव्वाचारला आलात. लवकर आलात याबद्दल तक्रार नाही, पण ६ च्या आत माल तुमच्या हातात होता, हेही रिव्ह्यूत यायला हवं होतं.

आणि मी खेळत नव्हतो. पॉइंट लिहीत होतो.

चार ते साडेचार आमच्याकडे चहा आणि कॅरम असतो. सकाळी ९ ला मशीन सुरू होतं, दुपारी जेवणाची सुट्टी, मग हा अर्धा तास. मशीनची खोली वेगळी आहे आणि तिथे कॅरमची बोरिक पावडर न्यायची नाही असा नियम आहे, कारण ती मशीनच्या ब्लँकेटवर, म्हणजे कागदावर शाई उठवणाऱ्या रबरी पट्ट्यावर, बसली की छपाईत पांढरे ठिपके येतात. पाच तास सलग काम झालं की निदान अर्धा तास विश्रांती द्यायची, हे तर १९४८ च्या कारखाना कायद्यातच लिहिलेलं होतं. त्या अर्ध्या तासात माणसाने हसू नये असं कुठे लिहिल्याचं मला तरी माहीत नाही.

ऑर्डर देताना तुम्हीच कौतुकाने सांगत होतात, की तुमच्या हिंजवडीच्या ऑफिसात टेबल टेनिस आहे आणि शुक्रवारी दुपारी सगळे खेळतात. तिथे त्याला ‘कल्चर’ म्हणायचं आणि बुधवार पेठेतल्या प्रेसमध्ये तेच केलं की कामचुकारपणा, हे काही मला पटलं नाही. राग मानू नका.

वडिलांच्या वेळी इथे रेडिओ लावायचीही चोरी होती. पोरं काम शिकायची आणि निघून जायची. चार रंगांचं रजिस्टर जुळवणारा, म्हणजे चारही रंग एकमेकांवर नेमके बसवणारा, शाई-पाण्याचा तोल नुसता शीट बघून ओळखणारा ऑपरेटर वर्ष-दोन वर्षांत तयार होत नाही. तो डिलिव्हरीच्या कामाला गेला की मी कुठून आणू? पगार वाढवतोच, पण मोठ्या प्रेसएवढा देणं मला जमत नाही. मग माणूस टिकतो कशावर? कॅरमवर, गुरुवारच्या मिसळीवर, बाइंडिंगच्या मावशींच्या भोंडल्यावर. नवरात्रात एक दुपार त्या कटिंग टेबल बाजूला सारून फेर धरतात आणि खिरापत ओळखायला आम्हा पुरुषांना बोलावतात (आजवर कोणाला आलेली नाही). खंडेनवमीला मशीन धुऊन, झेंडूचे हार घालून पूजा होते, ती करायचा मान सगळ्यात जुन्या ऑपरेटर काकांचा, माझा नाही. हे सगळं काम टाळायला नाही. दिवसभर पेंगत राहिलेला माणूस मला कटिंगच्या पात्यासमोर नको आहे. दोन्ही हातांनी दोन बटणं दाबल्याशिवाय पातं खाली येत नाही हे खरं, तरी नकोच.

आता सांगणार नव्हतो, पण विषय निघालाच आहे. व्हॉट्सअॅपवर तुम्ही प्रूफला ‘ओके’ दिलंत, आम्ही छपाईची प्लेट काढली आणि रात्री तुमचा मेसेज आला, की निमंत्रकांत आत्याबाईंचं नाव राहिलंय. मजकुराची प्लेट पुन्हा काढली, त्याचे पैसे लावले नाहीत. शुक्रवारी उशिरापर्यंत थांबून ज्यांनी ती छापली, तीच पोरं शनिवारी तुम्हाला कॅरम खेळताना दिसली. तुमचा रिव्ह्यू त्यांनी माझ्याआधी वाचला. धाकट्याने विचारलं, ‘दादा, बोर्ड उचलून ठेवू का?’ मी नको म्हटलं.

तुमचं म्हणणं अगदीच सोडून देत नाही. चहाच्या वेळीही काउंटरवर कोणीतरी राहील असं बघतो, बोर्ड आतल्या बाजूला घ्यायचाही विचार आहे, फोनचं आणि खुर्च्यांचं काहीतरी करतोच. गाण्यांचा आवाज कमी केला आहे.

तुमच्या ऑर्डरमधली थोडी जास्तीची पाकिटं आमच्याकडे राहिली आहेत. ऐनवेळी नावं वाढतात, उपयोगी पडतील. काउंटरवर बांधून ठेवली आहेत, पैसे द्यायचे नाहीत. रविवार सोडून कधीही या. चारला आलात तर चहा होईल.