सुरूर-वाई रस्त्यावरचा आमचा वड

आज दुपारी सुरूर फाट्यावरून वाईकडे वळलो आणि पाचच मिनिटांत गाडी कडेला घेतली. पुढे जाववेना. आमचा वड जागेवर नव्हता, रस्ता रुंद करायला तोडलाय. नुसता बुंधा उरलाय, त्यातून चीक अजून पाझरतोय आणि शेजारी पारंब्यांची मोळी फेकलेली.

आमचा म्हणजे कसा, ते सांगतो. मी सहा वर्षांचा, धाकटा तीन महिन्यांचा. वैशाखात आजोळी वाईला निघालो होतो आणि नेमकी तिथेच एसटी पंक्चर झाली. कंडक्टर म्हणाला, "वेळ लागंल, सावलीला बसा." आईनं पिशवीतलं लुगडं काढलं, दोन जाड पारंब्यांना बांधून झोळी केली. बाहेर डांबर वितळत होतं आणि पोरगं दोन तास गाढ झोपलं. वस्तीवरची एक म्हातारी कासंडीभर ताक घेऊन आली. कोण, कुठली, काही विचारलं नाही.

हा रस्ता म्हणजे काय आहे? सुरूर, वाई, पसरणीचा घाट, पाचगणी, महाबळेश्वर आणि पुढे आंबेनळी उतरून पोलादपूर. देश आणि कोकण जोडणारी वाट. १८२९ साली प्रतापसिंह महाराजांनी महाबळेश्वर इंग्रजांना दिलं, बदल्यात आपल्या वाई भागातलं खंडाळा घेतलं. पसरणी तर शाहीर साबळ्यांचं गाव. पण आता वरच्या पॉइंटवर लवकर पोचायचं, एवढाच या रस्त्याचा उपयोग!

रस्ता अरुंद आहे, सुट्टीत घाट तुंबतो, त्यात रुग्णवाहिकाही अडकते. मान्य. पण मग झाडं मधे ठेवून पलीकडून दुसरी लेन काढा की! २०२० मध्ये मिरज तालुक्यातल्या भोशाचा वड लोकांनी अडून वाचवला, तिथे राष्ट्रीय महामार्ग वळला. दोन वर्षांनी तो पावसात कोसळला, हेही खरं. पण तो त्याच्या मरणानं गेला, करवतीनं नाही.

आणि ते "एका झाडाच्या बदल्यात दहा लावू" माझ्यासमोर कुणी बोलू नका. कुठे लावलीत, चला, दाखवा! वडाचा खुंट रोवला की जगतो, आपल्या म्हाताऱ्यांनी तसेच लावलेत. पण झोळी पेलेल अशी पारंबी यायला माणसाचा जन्म जातो. वड पिकला की हरियालांचे थवे उतरतात. राज्यपक्षी म्हणून पुस्तकात चित्र छापायचं आणि त्याचं ताट उचलून न्यायचं, हे कसलं शहाणपण?

संध्याकाळी आईला फोन केला. सांगू नये असं वाटत होतं, पण सांगितलं. बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, "त्या म्हातारीची कासंडी परत द्यायची राहिली रे. गडबडीत गाडीत आली आपल्या."

चाळीस वर्षांत हे मला माहीत नव्हतं. ती कासंडी अजून आमच्या घरी आहे, आई तिच्यात विरजण लावते.

धाकटा रात्रीच्या गाडीनं पुण्याहून निघतोय. सकाळी सात वाजता आम्ही दोघं सुरूर फाट्यापासून वाईपर्यंत चालत जाणार आहोत, उरलेले वड मोजत, एकेकाचा फोटो काढत. ज्यांना यायचंय त्यांनी या. कुणाकडे या रस्त्याचे जुने फोटो असतील तर खाली टाका.