पोमोरिये १९३४ सालचं आहे

लेख आवडला, पण एक मुद्दा पटला नाही. पोलंडचं बाल्टिक समुद्राकाठचं पोमोझे, रशियाच्या श्वेत समुद्राकाठचं पोमोर्ये आणि बल्गेरियातलं पोमोरिये या तिन्ही नावांवरून तुम्ही ‘पोमोर्ये’ हा शब्द आदि-स्लाव्हिकमध्ये (पोलिश, रशियन, बल्गेरियन अशा स्लाव्हिक भाषांच्या मूळ भाषेत) होताच, असं ठामपणे म्हटलंय. त्यातला बल्गेरियाचा साक्षीदार आधी बाद करा! काळ्या समुद्रावरच्या त्या गावाचं जुनं ग्रीक नाव अंखिआलो. पोमोरिये हे नाव त्याला १९३४ मध्ये दिलं गेलं. ते आदि-स्लाव्हिकचा पुरावा कसं होईल?

उरले दोन. ‘पो’ म्हणजे काठाने, लगत. ‘मोर्ये’ म्हणजे समुद्र. हा साचा आजही चालू आहे. मी काही वर्षं वॉर्सात काढली, तिथे विस्वा नदीलगतच्या वस्तीला पोविश्ले म्हणतात, रेल्वे स्टेशनवर पाटीही तीच. रशियात व्होल्गाकाठचा प्रदेश पोव्होल्झ्ये. इतका सोपा जोडशब्द दोन ठिकाणी लोकांनी आपापला, स्वतंत्रपणे बनवला असेल, ही शक्यता तुम्ही विचारातच घेतली नाही. ‘मोर्ये’ची गोष्ट वेगळी: लॅटिन ‘मारे’ आणि जर्मन ‘मेअर’ त्याचे सख्खे भाऊबंद, त्याच्या जुनेपणाबद्दल वादच नाही. पण घटक जुने म्हणून जोडही जुना, असं होत नाही ना? बाल्टिककाठचं नाव मात्र खरंच जुनं. १०४६ च्या नोंदीत तिथल्या झेमुझिल या सरदाराला लॅटिनमध्ये ‘बोमेरानी’, म्हणजे पोमोझेच्या, लोकांचा प्रमुख म्हटलंय. लेखात हवा होता तो हा पुरावा, आणि नेमका तोच गाळलाय.