पोपटाचा रंग विचारू नका

आमच्या चित्रपुस्तकांच्या क्लबातल्या पोरांना कुठल्याही पुस्तकात डोंगर दिसला की तो अजिंक्यताराच असतो. मागच्या महिन्यात एक पुस्तक घेतलं होतं. त्यात बर्फाचा डोंगर, खाली लाकडी घरं, धुराड्यांतून धूर. चार वर्षांची एक मुलगी त्या पानाकडे बराच वेळ बघत राहिली आणि मग मला म्हणाली, "मावशी, टॉवर कुठंय?"

साताऱ्याबाहेरच्यांसाठी सांगते, आमच्या अजिंक्यतारा किल्ल्यावर टीव्हीचा टॉवर आहे आणि तो गावात जवळजवळ कुठूनही दिसतो. तिच्या लेखी टॉवर नाही म्हणजे चित्रकार काढायचा विसरला. मी काही बोलणार तेवढ्यात शेजारी बसलेली तिची आई म्हणाली, "अगं, तो अजिंक्यतारा नाहीये. मावशीला सांग बरं, स्नोचा कलर कोणता? आणि घरं किती आहेत? मोज." मुलीनं मोजली. पाच. बरोबर होती. मग ती उठली आणि कडेला काढलेल्या चपलांच्या जोड्या लावत बसली. पुस्तकाकडे काही परत आली नाही.

असं जवळपास दर रविवारी होतं, म्हणून आज लिहितेय. लांबलंय, चहा घेऊन बसा.

शाहूपुरीत आमच्या अपार्टमेंटच्या पार्किंगमध्ये रविवारी सकाळी साडेनऊला आम्ही चित्रपुस्तकांचा क्लब भरवतो. तीन ते सहा वर्षांची मुलं आणि प्रत्येकासोबत घरातलं एक मोठं माणूस. मूल सोडून बाजारात जायचं नाही, ही पहिली अट. दोन सतरंज्या, एक पत्र्याची ट्रंक, ट्रंकेत दीडशेच्या आसपास पुस्तकं. मोठ्यांचे मोबाइल आल्या आल्या दुरडीत. (मोबाइलवर भाषण देणार नाही, घाबरू नका. माझाही तिथंच असतो आणि मलाही करमत नाही.) फी नाही. पुस्तकांसाठी महिन्याला शंभर रुपये, ज्याला जमेल त्यानं. पहिली पंधरा मिनिटं मी एक पुस्तक वाचते, पुढचा अर्धा तास ज्यानं त्यानं आपापल्या माणसाच्या मांडीवर. एवढंच.

पहिला रविवार आठवला तरी घाम फुटतो. बावीस मुलं आली होती. मी उत्साहात वहीएवढं पुस्तक उंच धरून वाचायला लागले. पुढच्या पाच जणांना चित्र दिसत होतं, मागच्यांना माझं कोपर. तिसऱ्या पानाला मागची रांग स्कूटरच्या आरशात तोंड बघायला गेली, एकानं कुणाच्या तरी ॲक्टिव्हाच्या चाकावर शू केली आणि एकीनं 'घरी जायचंय' म्हणून जो सूर लावला तो बाकीच्यांनी उचलून धरला. चित्रपुस्तक एका मांडीच्या मापानं बनवतात, हे मला त्या दिवशी कळलं.

तोडगा निघाला तो स्टोरीवीव्हरमधून. प्रथम बुक्सनं २०१५ साली सुरू केलेली ही साइट. मराठीसकट कितीतरी भाषांतली चित्रपुस्तकं तिथं फुकट वाचता येतात आणि परवाना असा खुला की ती छापून घ्यायलाही हरकत नाही. पोवई नाक्यावरच्या एका झेरॉक्सवाल्याकडून दोन पुस्तकं ए-थ्री आकारात रंगीत काढली, स्पायरल घातलं. खर्च मजबूत आला, पण मागच्या रांगेलासुद्धा पानावरची मुंगी दिसायला लागली.

तर बावीसचे आता अकरा उरलेत. गळालेल्यांनी काही ना काही विचारलं होतंच. "फक्त पुस्तकंच? ॲक्टिव्हिटी नाही?" "वर्कशीट देत जा ना घरी." "आम्ही इंग्लिश मीडियमला घालणारे, तुम्ही मराठीच वाचता." एमआयडीसीत नोकरीला असलेल्या एका बाबांनी तर सरळच विचारलं, "ताई, याचा आउटपुट काय?" त्या दिवशी कुणाचा तरी वाढदिवस होता, मी त्यांच्या हातावर कंदी पेढा ठेवला. दुसरं काही सुचलं नाही.

हसण्यावारी नेतेय, पण त्यांची भीती खोटी नाही. जूनमध्ये ॲडमिशन, तिथं पोराला समोर उभं करून रंग आणि आकार विचारणार, हे प्रत्येकानं शेजारपाजारी बघितलेलं असतं. आणि मी स्वतः काय वेगळं केलं? माझा मुलगा तीन वर्षांचा होता तेव्हा मी त्याच्यासमोर पुस्तक उघडायचे ते डाव्या हाताची बोटं मोजत. आज प्राणी झाले, उद्या फळं, परवा वाहनं. कौतुकानं सगळ्यांना सांगायचे, याला चाळीस प्राण्यांची नावं येतात. तो आता बारा वर्षांचा आहे. शाळेच्या पुस्तकाखेरीज एक पुस्तक हातात धरत नाही. एवढ्यावरून सिद्ध काही होत नाही, मान्य. पण मला झोपताना आठवतं.

पोपटाचा रंग कोणता? पोपट पानावर समोर आहे. विचारणाऱ्याला दिसतोय, सांगणाऱ्यालाही दिसतोय. मग विचारलं कशाला? साडेतीन वर्षांच्या पोराला बाकी काही कळो न कळो, आपली परीक्षा चाललीय हे पक्कं कळतं. नवऱ्याबरोबर सिनेमा बघताना मध्येच थांबवून विचारून बघा, "सांगा बरं, हिरोच्या शर्टाचा रंग कोणता?" घरात काय होतं ते मला कमेंटमध्ये कळवा.

दुसरी खोड तात्पर्याची. आपल्या शाळेच्या पुस्तकांत गोष्टीखाली 'तात्पर्य' लिहून पुढं दोन टिंबं असायची, ती आपल्या डोक्यातून निघतच नाहीत. मांजर पावसात भिजलं, घरी आलं, अंग झटकलं, झोपलं. गोष्ट संपली. एक आई अजून वाट बघतेय. "मग यातून आपण काय शिकलो?" मुलगा म्हणाला, "मांजर ओलं झालं." मला त्याला उचलून घ्यावंसं वाटलं.

पैशांवरूनही कुरकुर असते. सोळा पानांचं पुस्तक आणि साठ-सत्तर रुपये? दोन मिनिटांत तर संपतं! पानांचं गणित साधं आहे. मोठा कागद छापून घड्या घालतात आणि कापतात, त्यामुळं पानं बहुतेक आठाच्या पटीत येतात. परदेशी चित्रपुस्तकं साधारण बत्तीस पानांची असतात, आपल्याकडं किंमत आवाक्यात ठेवायला सोळा किंवा चोवीस. ज्योत्स्ना प्रकाशन, एकलव्य, नॅशनल बुक ट्रस्टचं नेहरू बाल पुस्तकालय, यांची पुस्तकं उलटून बघा. एकेका पानावर एकेक ओळ असते, कधी तीही नसते. कारण उरलेलं चित्रात आहे. शब्द म्हणतात 'आजी शेतात गेली' आणि आजीच्या मागून तिच्या नकळत बकरी चाललीय हे फक्त चित्र सांगतं. शब्द वाचणाऱ्या आपल्याला बकरी दिसत नाही, वाचता न येणाऱ्या पोराला पहिल्यांदा तीच दिसते. दोन मिनिटांत संपतं ते आपलं.

आता आजोबांबद्दल सांगते. एका मुलाची आई आजारी होती म्हणून दोनेक महिने त्याला आजोबा घेऊन यायचे. एसटीतले निवृत्त ड्रायव्हर, मूळचे कोरेगावकडचे, पसरणी घाटात आयुष्य गेलेलं. पहिल्या दिवशी म्हणाले, "ताई, आपल्याला हे वाचायबिचायचं जमायचं न्हाई. चष्मा घरी राहिलाय." पुढच्या आठही रविवारी चष्मा घरीच राहिला.

माझ्या पुण्याच्या नणंदेनं मुलांची जुनी इंग्रजी पुस्तकं दिली होती, त्यात एक बसचं होतं. ते नातवानं उचललं. आजोबांनी पान लांब धरलं, डोळे बारीक केले आणि म्हणाले, "आरं, ह्यो ड्रायव्हर कंडक्टरच्या जागंवर बसलाय की! मग गाडी कोण चालवतंय?"

परदेशातली बस, स्टिअरिंग डाव्या बाजूला. मी समजावून सांगायला पुढं सरकले होते, देवाच्या दयेनं गप्प बसले. नातू म्हणाला, "कंडक्टर चालवतोय." शेजारची मुलगी रांगत आली. "ड्रायव्हर शूला गेलाय." आजोबा गंभीर. "घाटात? मग ह्यानं हँडब्रेक लावला का बघा." पाच-सहा डोकी पानावर वाकली. हँडब्रेक सापडेना. एकाला खिडकीत कुत्रा सापडला, त्याचं तिकीट काढलंय का यावर वाद झाला. हाफ की फुल? आजोबा म्हणाले, "कुत्र्याचं लगेज लागतं." मग मागच्या सीटवरची बाई एकटी का बसलीय, तिचा डबा कुठंय, ती वाईला उतरणार की पाचगणीला. एका पानावर वीस-पंचवीस मिनिटं! पान उलटलंच नाही. पुस्तक इंग्रजीत होतं आणि त्यातला एक शब्दही कुणी वाचला नाही.

माझ्या एका मैत्रिणीनं मागं मला टोकलं होतं, "तू प्रश्न विचारू नका म्हणतेस, पण संशोधन तर विचारा म्हणतं." बरोबर आहे तिचं. १९८८ साली अमेरिकेत ग्रोव्हर व्हाइटहर्स्ट आणि सहकाऱ्यांनी दोन-अडीच वर्षांच्या मुलांच्या पालकांबरोबर एक प्रयोग केला. काही पालकांना सांगितलं, नुसतं धडाधडा वाचणं कमी करा, 'हत्ती कुठाय, बोट दाखव' कमी करा. 'इथं काय चाललंय' असं मोकळं विचारा आणि पोर जे बोलेल त्यात दोन शब्द घालून त्याला परत द्या. बाकीच्यांनी नेहमीसारखं वाचलं. महिन्याभरात पहिल्या गटातली मुलं बोलण्यात पुढं गेलेली दिसली. म्हणजे प्रश्नाचं वावडं नाही. विचारणाऱ्याला उत्तराची उत्सुकता हवी. आजोबांना खरोखरच हँडब्रेक हवा होता.

आणि त्यांची भाषा. ते नातवाशी घरात जसं बोलतात तसंच सतरंजीवर बोलत होते. आमच्याकडं बहुतेक आया पुस्तक उघडलं की आवाज बदलतात. "बघ बघ, डॉगीला हंग्री झालंय." घरी हीच बाई खिडकीतून "हाड" म्हणून ओरडते. पुस्तक इंग्रजी असो नाहीतर कानडी, त्यावरच्या गप्पा तरी ज्या भाषेत तुम्ही भांडता त्या भाषेत मारा. हे माझं मत आहे आणि त्यावरून दोन कुटुंबं क्लब सोडून गेलीत, तरी आहे.

मध्यंतरी सोसायटीत विषय निघाला की पार्किंग हे पार्किंग आहे, इथं शाळा कशाला. मला ताराबाई मोडक आठवल्या. गिजुभाई बधेकांबरोबर त्यांनी १९२६ साली नूतन बालशिक्षण संघ काढला आणि १९४५ पासून बोर्डीला, पुढं कोसबाडला अनुताई वाघांना घेऊन काम केलं. मुलं शाळेत येत नाहीत तर शाळा त्यांच्या अंगणात, असा त्यांचा हिशेब. मीटिंगमध्ये हे सगळं बोलायचं ठरवून गेले होते. प्रत्यक्षात "साडेदहाला गाड्या लावायला जागा मोकळी करून देऊ" एवढंच बोलले आणि तेवढ्यावर मिटलं.

पावसाळ्यात मात्र हाल होतात. जुलैत साताऱ्याची हवा अशी की ट्रंकेतली पुस्तकं पापडासारखी वळतात. कडुनिंबाची वाळलेली पानं टाकते, कापूर ठेवते, तरी दोन-चार पुस्तकांना बुरशी धरतेच. फाटणं तर बारमाही. सुरुवातीला सेलोटेप लावायचे. वर्षभरात ती पिवळी पडली, कडा चिकट झाल्या आणि पानाला पान चिकटून नवीन फाडाफाडी सुरू झाली. आता पातळ पांढऱ्या कागदाची पट्टी कापून मैद्याची खळ लावते आणि वर पाटा ठेवून रात्रभर दाबून ठेवते. फाडणाऱ्याला ओरडायचं नाही हा नियम आहे. आई-बापांना तो पाळणं जड जातं. त्यांच्या चेहऱ्यावरून कळतं की घरी गेल्यावर पाळणार नाहीत.

गेल्या शनिवारी असाच दुरुस्तीचा ढीग घेऊन बसले होते. बसचं पुस्तक हातात आलं. मधल्या आठवड्यात ते आजोबांच्या घरी गेलं होतं. ते पान उघडलं तर बसच्या उजव्या बाजूला, निळ्या बॉलपेननं, एक स्टिअरिंग काढलेलं. चांगलं गोल, मधल्या दांड्यांसकट. आणि शेजारी एक उभी रेघ, टोकाला गोळा.

रविवारी विचारलं. आजोबा म्हणाले नातवानं काढलं. नातू म्हणाला आजोबांनी. आजोबांचा चष्मा त्या दिवशी पहिल्यांदाच खिशात दिसत होता. उभी रेघ कसली, असं मी विचारलं तर दोघंही माझ्याकडं, एवढंही कसं कळत नाही, अशा नजरेनं बघायला लागले.

"हँडब्रेक," नातू म्हणाला.